तेवीस-दोनचे पान

मी धावा नोंदवायची एक जुनी वही आहे. कापडी पाठ, निळ्या चौकटींची दोनशे पाने आणि त्यांत पेन्सिलीच्या खुणा. मित्रांनो, माझी पाने खुशाल उलटा. एका पानावर मात्र खोडून खोडून कागद पातळ झाला आहे. तिथे जरा जपून. त्या पानाची मला अजून धास्ती वाटते.

छापखान्यातून आले तेव्हा मी कोरी होते. वाढले ती कोलब्रुकच्या बेसबॉल मैदानावर, एल्वुड हॅच यांच्या मांडीवर. हॅच गावच्या वर्तमानपत्रात लिहीत आणि सामन्याची अधिकृत नोंदही ठेवत. मारलेला चेंडू हा खेळाडूचा फटका होता की अडवणाऱ्याची चूक, हे ठरवणारे ते एकटेच. हॅचच्या वहीत उतरले ते कायमचे, असे लोक म्हणत. तेव्हा माझा ऊर भरून येई. आता अंगावर काटा येतो.

मैदानामागे खाणीतल्या कचऱ्याचा काळा डोंगर होता आणि मैदानही त्याच कचऱ्यावर रचलेले. त्यामुळे चेंडू कधी कधी खड्यावर उसळे. त्यातून गावात एक रीतच पडली. गावच्या पोराच्या हातून सरळ चेंडू सुटला तरी लोक 'खडा, खडा' ओरडत आणि हॅच मान डोलावून समोरच्याच्या नावे फटका लिहून टाकत. यात कुणाचे काय बिघडते, असे सगळ्यांना वाटे. मलाही वाटे.

१९५१ च्या ऑगस्टमधली ती रविवारची दुपार. आमच्याकडून चेंडू फेकत होता स्टॅन व्रोबेल. वय चौतीस, खांदा थकलेला. त्याचा बाप खाणीतच गेला होता, भाऊ खोकत घरी बसला होता. स्टॅन तेवढा चेंडूच्या जोरावर खाणीतून वर आला होता. आमचा संघ ज्या मोठ्या क्लबच्या पदरी होता, तो त्याच आठवड्यात कुणाला ठेवायचे आणि कुणाला काढायचे ते ठरवणार होता.

सातव्या डावात पाहुणे सहा-दोन असे पुढे होते. त्यांचे दोन गडी बाद झाले. पुढचा चेंडू सरपटत थेट रॉनी फाल्ककडे गेला आणि त्याच्या दोन्ही पायांमधून निघून गेला. रॉनी गावाचा लाडका. त्याला पाहायला मोठ्या क्लबचा माणूस तिसऱ्या रांगेत बसला होता. लोकांनी 'खडा' म्हटले. हॅच यांनी माझ्यावर फटका लिहिला.

बेसबॉलमध्ये तिसरा गडी बाद झाला की डाव संपतो. चूक लिहिली असती, तर कागदावर तो डाव तिथेच संपला असता आणि पुढच्या धावांचा डाग स्टॅनला लागला नसता. पुढे धावा झाल्या चौदा. दुसऱ्या दिवशी दोन सामने होते आणि फेकायला दुसरे कुणी उरले नव्हते, म्हणून त्याला बाहेरही काढले नाही. लोक आधी हसले, मग प्येरोगीचे, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचे, डबे आवरून घरी निघाले. उरलेल्या डावांत आणखी तीन धावा होऊन सामना तेवीस-दोन असा संपला.

स्टॅन जिना चढून वर, हॅच बसत त्या जागी आला. टोपी हातात होती.

"एल्वुड, खडा नव्हता तिथे. सकाळी मीच झाडलंय मैदान."

"सगळं गाव बघत होतं रे," हॅच म्हणाले. "पोराचं नशीब उघडतंय."

"उघडू दे की. पण क्लबचे लोक खेळ नाही बघत, तू वहीतून उतरवून पाठवतोस तो तक्ता बघतात. मला काढलं तर खाली जावं लागेल. उद्या टपाल जाईपर्यंत खोडता येतं ना?"

"बघतो," हॅच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून उघडी पडून होते, शेजारी खोडरबर. अकरा वाजता रॉनीची आई खसखशीचा केक घेऊन आली. रॉनीला मोठ्या क्लबचे बोलावणे आले होते. आता चूक लिहून तिला तोंड कसे दाखवायचे? हॅच यांनी तक्ता होता तसाच उतरवला आणि टपालात टाकला. मला वाचा असती तर मी किंचाळले असते.

गुरुवारी स्टॅनला काढले. सोमवारी तो खाणीत उतरला.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी खाणीचा भोंगा अवेळी वाजला. सगळे गाव धावत गेले. स्टॅन वर आला नाही. संध्याकाळी हॅच घरी आले ते काळवंडलेल्या बुटांसह, आणि कोट न काढताच त्यांनी मला उघडले. कागद फाटेल इतके खोडले आणि तिथे लिहिले, चूक. मग चौदा धावा एकेक करून स्टॅनच्या नावावरून पुसल्या. लीगचे मोसमभराच्या नोंदींचे छापील पुस्तक मात्र तेव्हा महिनाभर आधीच निघाले होते. त्यात त्या चौदाही धावा अजून त्याच्या माथी आहेत.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी पेन्सिल येईल आणि चारचौघे ओरडतील तसे लिहावेसे वाटेल. चुकलात तर खोडा. पण ज्याचे नाव तुम्ही लिहिले आहे, तो जिना चढून तुमच्यापर्यंत येऊ शकतो, तोवरच खोडा.