कोमल गंधाराची पट्टी

मी एक हार्मोनियम आहे; यशवंतपुरातल्या या घरात मला नुसते पेटी म्हणतात. जे सांगते ते जपून सांगते. माझ्यावर नुकताच संशय घेतला गेला, आणि तेव्हापासून माझाही कोणावर फारसा विश्वास राहिलेला नाही.

माझी घडण साधी आहे. भाता हवा भरतो, पट्टी दाबली की पितळेची एक बारीक जीभ थरथरते आणि स्वर निघतो. भगवंतरावांनी मला घरच्या कार्यांसाठी विकत घेतले. त्यांची थोरली बहीण ठकुबाई गाते, मुलगी भूमिका वाजवते. ठकुबाईला सगळे अक्का म्हणतात. या घरातली हळद अक्काच्या गाण्याशिवाय लागत नाही. त्या गाण्याची चाल चढताना शुद्ध गंधार घेते, उतरताना कोमल. शेजारच्या या दोन पट्ट्यांची मला इतकी सवय आहे, की अक्काने श्वास घेतला तरी मला पुढचे कळते.

भूमिका महादेवपुऱ्यात नोकरी करते आणि शनिवारी मारतहळ्ळीला जाऊन गाण्यांचे संयोजन शिकते. घरी आली की मोठ्याने घोकते: चाल म्हणजे एकामागून एक येणारे स्वर, हार्मनी म्हणजे त्यांच्याखाली एकाच वेळी उभे केलेले स्वर, ताल म्हणजे दोघांना धरून ठेवणारे माप. व्याख्या बरोबर होत्या. घाई मात्र मला खटकली.

धाकट्या बहिणीच्या, कावेरीच्या, हळदीसाठी तिने अक्काचेच गाणे निवडले. प्रत्येक ओळ शुद्ध गंधारावर सुरू होते, एवढे पाहून तिने संपूर्ण ओळीखाली सा, शुद्ध गंधार आणि पंचम असे तीन स्वर धरले आणि ताल एका टकटक करणाऱ्या यंत्रावर सोपवला. ओळ उतरू लागली की कानाला टोचत असे. ओळ कुठे संपते, हे तिने तपासलेच नाही.

"अक्का, तू शेवटी घसरतेस," भूमिका म्हणाली.

"पन्नास वर्षं घसरतेय. अजून कुणी पडलं नाही."

"मी रेकॉर्ड करून ऐकलंय गं."

"सरी, ठीक आहे. मग मशीनलाच गाऊ दे. मी पंगतीत वाढीन."

अक्काने पदर खोचला आणि ती खरोखरच स्वयंपाकघरात गेली. कावेरी दारातच उभी होती. "ताई, अक्का गाणार नसेल तर मला हळद लावू नका," एवढेच ती बोलली. हळद परवावर आली होती.

मग भूमिकेची नजर माझ्याकडे वळली. अक्का इतकी वर्षे माझ्याच स्वरात गात आली. तेव्हा उतरला असेल तर माझाच कोमल गंधार, असा तिने तर्क केला. दुसऱ्या दिवशी पेट्या दुरुस्त करणारे योगीराज जीभ घासायची कानस घेऊन आले. घासलेले पितळ परत येत नाही, हे मला ठाऊक होते. त्यांनी माझे झाकण उघडले तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहत होते, चेहऱ्याकडे नाही.

"आधी तो एकटाच वाजवा," ते म्हणाले.

भूमिकेने पट्टी दाबली. योगीराजांनी कान जवळ आणला. "ठीक आहे की. आता तुमचं सगळं धरा."

तिने तीन बोटे ठेवली, वरून कोमल गंधार दाबला. मीच शहारले.

"आता त्या तिघांतलं मधलं बोट तेवढं उचला."

टोचणे थांबले. भूमिकेने ते बोट पुन्हा ठेवून पाहिले, पुन्हा उचलले. "म्हणजे शुद्ध आणि कोमल, दोन्ही गंधार मी एकदम वाजवत होते?"

"शेजारी शेजारी आहेत हो. एकाच वेळी बोलले की भांडणारच. पेटी काय करील, आणि अक्का तरी काय करतील?"

कानस पिशवीत परत गेली. भूमिका स्वयंपाकघरात गेली. तिचे शब्द मला ऐकू आले नाहीत, अक्काचे आले.

"गाईन. पण ते टकटक यंत्र बंद. ताल माझ्या टाळीचा. मी थांबले की तुम्ही थांबायचं."

हळदीच्या दिवशी ओळ चढताना भूमिकेने तिन्ही बोटे ठेवली, उतरताना मधले उचलले. ओळीच्या शेवटी अक्का श्वासासाठी थांबली आणि भूमिकाही थांबली. कावेरीने हळदीसाठी गाल पुढे केला.

आज माझ्या सर्व पट्ट्या शाबूत आहेत, तरी योगीराज सहज चहाला आले तरी माझा भाता आवळतो. वाचकहो, तुमच्या घरी कोणी बेसूर वाटू लागले, तर एक विनंती आहे: कानस मागवण्याआधी त्याला एकट्याने वाजू द्या, आणि ते ऐकताना आपली बोटे कुठे आहेत, तेही पाहा.