काढून टाकलेलं बटण

"जेवण टाकून कोठें निघालांत?" माझ्या बायकोनं, नंदितानं विचारलं. माझा हात अजून रसमभातानं माखलेला होता.

"आस्पत्रीला," मी कसाबसा म्हणालो.

ताटाशेजारी लॅपटॉप उघडा होता. चाचणी म्हणून मी एका खोट्या रोग्याचा डोस बदलला, आणि पडद्यावर जुनाच आकडा राहिला.

साक्कोट्टैच्या रस्त्यावरच्या छोट्या इस्पितळासाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या खाटेला किती इन्सुलिन द्यायचं, ते वॉर्डातल्या नर्सला दाखवणारा. आत इंजिन ब्राउझरचंच, दिसतं तेही वेबपानच. पहिल्याच दिवशी डॉक्टर विजयराघव नाक मुरडून म्हणाले होते, "हा तर ब्राउझर. सॉफ्टवेअर कुठाय?" मला ते फार लागलं. मी पत्त्याची पट्टी काढली आणि ऐटीत रिलोडचं बटणही काढलं. आता पान अडकलं तर ते ताजं करायला नर्सच्या हातात काहीच नव्हतं.

इस्पितळाचा फोन लागेना. मी स्कूटर काढली, आणि वाटेत फक्त वाईटच सुचत राहिलं. मी मुळातच भित्रा, घरातली झुरळंसुद्धा नंदिताच मारते.

वॉर्डात कसली गडबड नव्हती; तीन नंबरच्या खाटेवर सत्तरीच्या कामाक्षी आजी ताकभात खात बसल्या होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

"विश्वेश सार, पडद्यावर आजींना वीस युनिट होतं," नर्स धनलक्ष्मी तमिळमध्ये हळूच म्हणाली. "आजी म्हणाल्या, डॉक्टरांनी सकाळीच वीसचं आठ केलंय. म्हणून डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या संगणकावर आठ. इथला बंद करून लावला तर इथेही आठ! डॉक्टर मलाच म्हणाले, डोळे तपासून ये, तोवर सुईला हात लावायचा नाही." तिचे डोळे रडून सुजले होते. "मी वीसच वाचलं होतं, सार. की नव्हतं? आता मलाच कळेना."

गप्प बसलो असतो तर कुणालाही पत्ता लागला नसता. बोललो तर हे काम जाणार, बोभाटा होणार, मग तिरुविडैमरुदूरच्या इस्पितळाचं कामही हातचं जाणार. मला खरोखर पळून जावंसं वाटलं.

मी डॉक्टरांच्या खोलीत शिरून सांगितलं.

"धनलक्ष्मीचे डोळे ठीक आहेत. पान अडकलं होतं. चूक माझी."

"काढून टाका तो प्रोग्रॅम," डॉक्टर एवढंच म्हणाले.

वॉर्डातल्या संगणकावरून मी माझ्या हातानं प्रोग्रॅम पुसला. मागे धनलक्ष्मीनं डॉक्टरांनी लिहिलेला कागद समोर धरला, "सहा," असं मोठ्यानं वाचलं, आणि इंजेक्शनचा ट्रे उचलून ती चार नंबरच्या खाटेकडे गेली.