हरणाऱ्याने न्यायचा डबा

मित्रांनो, मी मंजिरीचा स्टीलचा डबा, आता बऱ्यापैकी जुना. माझं झाकण पूर्वी घट्ट बसायचं, हल्ली रुसल्यासारखं बसतं. कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो पुण्यातला भांड्यांचा दुकानदार. त्याने यंत्राने टकटक करत माझ्या पोटावर 'चि. मंजिरीस, आईकडून' असं नाव घातलं. लेक विलायतेला शिकायला निघाली होती. तिच्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये, पोटात मेतकूट घेऊन मीही निघालो.

मंजिरी शिकली, केंब्रिजला नोकरीला लागली आणि सुश्रुतशी तिचं लग्न झालं. सुश्रुतची धाकटी बहीण उल्का, जन्माने इथलीच, लंडनमधल्या पिनरची, त्यामुळे तिच्या मराठीत 'तो' आणि 'ती' यांची सारखी अदलाबदल व्हायची. या नणंद-भावजयीचं छान गूळपीठ जमलं. फक्त एका बाबतीत दोघींचा उभा दावा होता. उल्काच्या विद्यापीठाचा रंग लाल, मंजिरीच्या विद्यापीठाचा निळा. दोन्हीकडे अमेरिकन फुटबॉलचे संघ होते, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांना धडकणारे. दर वसंतात लेस्टरजवळ त्यांचा मानाचा सामना होई. जिंकणाऱ्याला चांदीचं मोठं वाडगं मिळे, म्हणून त्या सामन्याला सगळे 'बाऊल' म्हणत.

खरा सामना मात्र त्याआधी, गाड्या लावायच्या जागेत, मंजिरीच्या डिकीपाशी रंगायचा. मधोमध मी उघडा, आजूबाजूला लाल-निळे मफलर आणि बोचरा वारा.

"वहिनी, तुझे प्लेअर्स सो स्वीट आहेत," उल्का म्हणायची. "टॅकल करायच्या आधी सॉरी म्हणतात!"

"आणि तुमचे? गेल्या वर्षी आपल्याच माणसाला पाडलं. आधी त्यांची एकमेकांशी ओळख करून दे."

"माझा टीम यावर्षी फुल फॉर्ममध्ये आहे, यू वेट!"

दोघींचा एक नियम होता. जिचा संघ हरेल तिने मला घरी न्यायचं आणि पुढच्या सामन्याला भरून आणायचं. मंजिरी कोथिंबीर वड्या आणायची. उल्काने एकदा शंकरपाळे केले. मंजिरीने एक चावून पाहिला आणि गाल धरला. "हे तुमच्या बचावफळीला दे गं. कुणी आत शिरणार नाही!" उल्का इतकी हसली की तिला डिकीत बसावं लागलं. अनोळखी लोकही माझ्यात हात घालून जायचे. कोणता मफलर, हे मी कधी पाहिलं नाही. काय दिवस होते ते!

मग एका वर्षी लाल हरले आणि मी पिनरला आलो. त्याच वर्षी सुश्रुत आणि मंजिरीने वेगळं व्हायचं ठरवलं. आदळआपट झाली नाही, पण घर मोडलं ते मोडलंच. दोघींचे फोन थांबले. मी कपाटात मागे गेलो. माझ्यात जुन्या बॅटऱ्या आल्या, रबरबँड आले. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं.

पुढचा सामना जवळ आला तेव्हा उल्काने मला बाहेर काढलं. तिची आई, श्यामलाबाई, म्हणाल्या, "आता कसली वहिनी? पोस्टाने पाठवून दे तो."

"रिकामा कसा पाठवू, आई? तूच शिकवलंस ना, कुणाचा डबा रिकामा द्यायची नाही म्हणून?"

श्यामलाबाई उठल्या. त्यांनी मला घासायला घेतलं.

मंजिरी येईल की नाही, हे उल्काला ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता. मला छातीशी धरून ती गाड्यांमधून फिरत राहिली. शेवटी निळा मफलर दिसला. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि, कधी नव्हे ते, दोघींनाही चिडवायला काही सुचेना. उल्काने माझं झाकण उघडलं.

मंजिरीने एक शंकरपाळा तोंडात टाकला. तो विरघळला.

"हे तू केलेले नाहीस," ती म्हणाली. "हा आईंचा हात आहे."

"तिने सांगू नको म्हटलं होता."

मंजिरीने डोळे पुसले. मग नाक ओढत म्हणाली, "बरं झालं. तुझे असते तर आज माझा दात गेला असता." आणि मित्रांनो, तिथून पुढे दोघींनी एकमेकींच्या संघांची अशी सालं काढली की बस!

त्या दिवशी लाल जिंकले. पण उल्का नाचली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"जिंकलात ना? मग तोंड का पाडलंस?"

"डबा तुझी आहे, वहिनी. आता तू ठेवून घेशील."

मंजिरीने मला उचलून काखेत मारलं. "हरणारीने न्यायचा आणि भरून आणायचा. नियम बदललाय का?"

आता मी केंब्रिजला आहे, कपाटात मागे नाही, ओट्यावर. उद्या बाऊल आहे. मंजिरीने वड्या वाफवल्यात, नेहमीपेक्षा जास्त. थोड्या वेगळ्या बांधल्यात, श्यामलाबाईंसाठी.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाचा तरी डबा मागे पडून राहिला असेल. त्यातल्या बॅटऱ्या काढा, त्याला घासा, काहीतरी भरा. कडक झालं तरी चालेल. आणि पोस्टाने पाठवू नका, स्वतः घेऊन जा.