भज्याच्या कागदावरचं विमान

मित्रांनो, मी एक जुनं डकोटा विमान आहे. दोन इंजिनांचं, गोल नाकाचं, शेपूट जमिनीला टेकवून बसणारं. पण मला हात लावायला जाल तर बोटाला काचच लागेल. कारण मी राहतो एका फोनच्या आत, विमानं बनवायच्या एका खेळात. आणि तो फोन राहतो ताम्हिणी घाटातल्या एका धाब्यावर, मिठाच्या बरणीला टेकून. तिथंच एका बुधवारी दुपारी माझ्या जिवावर पैज लागली.

मी नुकताच धावपट्टीवर आपटलो होतो. अकराव्यांदा. धाब्याची मालकीण साधना माझ्या तुकड्यांकडं बघत बसली आणि मागं चहा उतू गेला. तो चहा होता सिराजचा. सिराजचं पंक्चरचं दुकान धाब्याला लागूनच, मधे फक्त एक पत्रा.

"वैनी, आज तिसऱ्यांदा गेला माझा चा," सिराज म्हणाला. "आन् कशापायी? ह्ये इमान हाय का बसलेली म्हस?"

"उडंल ते."

"कवा उडंल?"

"रविवारी."

"न्हाई उडत. मी चारदा बसलोय इमानात. मला इचारा की."

हे मात्र खरं. सिराज दोन वर्षं मस्कतला टायरच्या दुकानात कामाला होता. विमानाचं काही विचारलं की तो तिथल्या जेवणाचंच सांगतो, डब्यातला भात, इवलासा पाव, लोण्याची चकती. पण घाटात विमानात बसलेला तो एकटाच, त्यामुळं या विषयात त्याचा शब्द शेवटचा.

साधना फडक्यानं ओटा पुसत म्हणाली, "रविवारी बारापत्तुर उडालं, चक्कर मारून चाकं न मोडता उतरलं, तर काय कराल?"

"म्हनाल ते."

"हात पसरून दुकानापासनं वळणापत्तुर पळायचं. इमानासारखं. तितनं माघारी. समद्यांच्या म्होरं."

"आन् न्हाई उडालं तर?"

साधनाचा हात ओट्यावर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा पुन्हा जोडला जाऊन धावपट्टीवर गुमान उभा होतो.

"तर डिलीट," ती म्हणाली.

पत्र्यापलीकडं सिराजची बायको हसिना तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता ती म्हणाली, "तोंडानं आवाजबी काढाया लागंल."

"हसिना, तू कुणाच्या बाजूनं हायेस?"

"मी आवाजाच्या बाजूनं."

अशी पैज लागली. मित्रांनो, डिलीट म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही दिवसातून दहादा करता. भंगारात गेलेल्या गाडीचा निदान पत्रा तरी उरतो, कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन बसतो. आमचं काही म्हणजे काही उरत नाही.

आता माझ्या जन्माची गोष्ट ऐका. चौदा महिन्यांपूर्वी साधना एका गिऱ्हाइकाला कांदाभजी बांधून देत होती. रद्दीचा कागद घेतला, त्यावर भजी टाकली आणि कडेला तिला माझा फोटो दिसला. काळा-पांढरा, जुना. खाली माझी लांबी-रुंदीही छापलेली. तिनं ती भजी उचलून दुसऱ्या कागदावर टाकली. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, कागद चांगला आहे.

तिला मी का आवडलो? धाब्यापुढं एक कुत्रं बसायचं, पुढचे पाय ताठ, मागचं बूड जमिनीवर, नाक वर. मी तस्साच बसलेलो होतो. बाकी काही कारण नाही.

तिनं तो कागद फ्रिजच्या दाराला चिकटवला. नवरा भूगावला ड्युटीवर, लेक वसतिगृहात. दुपारी तीन ते पाच धाब्यावर माशी हलत नाही. त्या दोन तासांत मी वाढलो. काडेपेटीची एक काडी म्हणजे किती फूट, याचा हिशेब तिनं पाटीवर लिहिला, जिथं एरवी 'आज चिकन नाही' लिहितात. काडीनं फोटो मोजायचा, खेळातला तुकडा तेवढाच कापायचा, जोडायचा. पंख तिनं चारदा पाडले आणि चारदा बांधले. खिडक्या मोजून सात. चाकांना मातीसुद्धा लावली, कारण फोटोतल्या चाकांना ती होती. कुणी विचारलं की ती एकच सांगायची, "मनाचं काय बी टाकलेलं न्हाई. फोटोत हाय ते हाय."

लग्न झाल्यापासून साधना लोकांच्या आवडीचं रांधत होती. तिखट कमी, तेल कमी, भाकरी पातळ. मी एवढी एकच गोष्ट होती जी तिनं कुणी न मागता केली.

माझे कौतुकाचे दिवसही आले. खेळात माझा फोटो टाकल्यावर लांब कुठल्या कुठल्या लोकांनी लाइकचे अंगठे पाठवले. एकानं लिहिलं, 'अप्रतिम काम. फक्त शेपटीवर ते काय आहे?' साधनानं ऐटीत उत्तर दिलं, 'ओरिजनल आहे.'

शेपटीवर माझ्या एक खोकं होतं. उंच, चौकोनी, मधे काच. साधनाला वाटलं, असेल काहीतरी यंत्र. दिसायला लोखंडी दिसतं म्हणून तिनं त्याला वजनही लोखंडाचं दिलं. मला ते जड व्हायचं. पण मी काय बोलणार? आम्हाला बनवणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मग गर्दीचा सीझन आला. पुण्याच्या गाड्या धबधबे बघायला येऊ लागल्या. मॅगी, कणीस, भजी, पिठलं. चार महिने माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मी धावपट्टीवर उभा, आणि माझ्यावरून नुसते गिऱ्हाइकांच्या पैशांचे 'टिंग' वाजत जायचे. दिवाळीनंतर साधनानं खेळ पुन्हा उघडला आणि मला पहिल्यांदा उडवलं. मी धावलो, उचलला गेलो, नाक वर गेलं, आणखी वर गेलं, आभाळाकडं बघत क्षणभर लटकलो आणि बुडावर आपटलो. तेव्हापासून अकरा वेळा तसंच. आणि आता रविवार.

गुरुवारी तिनं इंजिनांची ताकद वाढवली. मी आणखी उंच जाऊन आपटलो. शुक्रवारी दुपारी तिचे सासरे कोंडिबा बाजेवरून उठून तिच्याजवळ येऊन बसले. ऐंशी वर्षांचा माणूस. तरुणपणी याच घाटातून बैलगाडीनं भाताची पोती उतरवायचे. अक्षर ओळखत नाहीत, पण गाडी ओळखतात.

"पुन्यांदा पडलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"पडलं अण्णा."

"ह्ये ठिपकं कसलं?"

माझ्या पोटात खेळानं दोन ठिपके दाखवलेले असतात. साधना त्यांच्याकडं कधी लक्ष देत नव्हती. तिला ती टिकल्यांसारखी शोभा वाटायची. आता तिनं त्यांच्यावर बोट दाबून बारीक अक्षरं वाचली. "लाल म्हंजी समद्या वजनाचा मध्य. निळा म्हंजी पंख जितनं उचलत्यात ती जागा."

"मंग लाल मागं पडलाय न्हवं. गाडी उलाळ हाय तुजी."

"म्हंजी?"

"पोती समदी मागं भरली की गाडीचं तोंड वर उचलतंय. जू वर जातंय, बैलाच्या गळ्याला फास बसतोय. त्याला उलाळ म्हनत्यात. बैलाला मारून काय व्हत न्हाई मग, वझं म्होरं घ्यावं लागतंय." त्यांनी वाकून माझी शेपटी निरखली. "ह्ये खोकं काढ."

"न्हाई अण्णा. खऱ्याला हाय ते. काढलं तर माझं इमान खोटं व्हईल."

"खऱ्याला हाय, तर खरं उडत कसं व्हतं?"

कोंडिबा उठले. फ्रिजजवळ जाऊन डोळे बारीक करून त्यांनी फोटो बघितला. दिसेना, म्हणून सरळ कागद सोलून काढला आणि दारात उजेडाला धरला. मग उलटा केला.

"साधना," ते म्हणाले, "हिकडं ये जरा."

कागदाच्या मागच्या बाजूला जाहिरात होती. लग्नसराईनिमित्त पोलादी कपाट, आरशासकट. चौदा महिन्यांपूर्वी भज्याचं तेल बरोबर माझ्या शेपटीवर पाझरलं होतं आणि पाठीमागचं कपाट पुढं आलं होतं. मित्रांनो, मी दिवाळीपासून शेपटीवर लोखंडी कपाट घेऊन उडायला बघत होतो.

साधना कागदाकडं बघत उभी राहिली. मग तिथंच पायरीवर बसली आणि पदर तोंडात घालून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, ही रडते की काय. थोडी रडलीही असेल. चौदा महिने होते ते.

"आरसाबी बशिवला मी त्याला," ती म्हणाली.

"चांगला बशिवलास," कोंडिबा म्हणाले.

तिनं कपाट काढलं. लाल ठिपका सुळकन पुढं सरकला. मी उडालो, मित्रांनो. पहिल्यांदा. खाली समुद्र, वर ढग, आणि मी सरळ. शनिवारी दुपारी तिनं मला नऊदा उडवलं, सहादा मोडलं, तीनदा नीट उतरवलं. मग एक उद्योग केला. कपाट पुन्हा माझ्या शेपटीवर ठेवलं. कोंडिबांना म्हणाली, "अण्णा, सिराजभाईला बोललासा तर उद्याचं मटान बंद."

कोंडिबांनी लगेच मान डोलावली. मटण त्यांना फार प्रिय.

रविवारी साडेअकरालाच सिराजनं माणसं जमवली. पंक्चर काढायला आलेले मोटारसायकलवाले, कणीसवाली, गाड्यांतून उतरलेली पुण्याची मंडळी. सगळ्यांना तो सांगत होता, "या, बघून जा. आज म्हस उडनार हाय." साधनानं सगळ्यांदेखत कपाटासकट मला एकदा उडवलं. मी नेहमीसारखा बुडावर आपटलो. लोक हळहळले. सिराजनं हात चोळले.

"वैनी, अजूनबी माघार घ्या. मी कुनाला सांगनार न्हाई."

"एवढी मानसं तुमीच आनलीत की."

"बरं मग. डिलीटचं बटन हुडकून ठिवा."

साधनानं एका बोटानं माझ्या शेपटीवरचं खोकं उचललं आणि टाकून दिलं.

"ह्ये काय केलंसा?"

"कपाट व्हतं. कपाट घरात ठिवत्यात, सिराजभाई."

मी धावलो. शेपटी उचलली, मग चाकं. नाक सरळ. मोटारसायकलवाल्यांनी शिट्टी मारली. खेळातल्या बेटाला वळसा घालून मी उतरायला लागलो, धावपट्टी समोर आली आणि एकदम सगळं झाकलं गेलं. फोन वाजत होता. आमचा खेळ फोन आला म्हणून थांबत नाही, मी आंधळा खाली चाललो होतो. साधनानं अंगठ्यानं फोन कापला. परत वाजला. परत कापला. पडद्यावर नाव होतं, 'सिराजभाई पंक्चर'.

हसिनानं नवऱ्याचा खिशातला हात फोनसकट बाहेर ओढून सगळ्यांना दाखवला. "बगा. बोट बटनावर."

"चुकून दबलं."

"दोनदा?"

तोवर मी धावपट्टीवर होतो. चाकं टेकली, मी एक उडी मारली, मी परत टेकलो. मग सावकाश शेपटी खाली गेली आणि मी बसलो. चाकं जागेवर, खिडक्या सातच्या सात.

"उडी मारली त्यानं," सिराज म्हणाला. "उडी मारली तर धरायचं न्हाई."

"तुमी गाडी लावता तवा काय येगळं करता?" हसिना म्हणाली.

त्यावर लोक एवढे हसले की अपिलाला जागा उरली नाही.

मित्रांनो, मी काही मोठा नाही. माझं वजन म्हणाल तर तुमच्या एका गाण्याएवढंही नसेल. पण तुमच्या घरातही कुणाच्या तरी फोनमध्ये माझ्यासारखं काहीतरी असेल, आईचं, काकांचं, कुणाचंही. अर्धं झालेलं, वेडंवाकडं, कुणाच्या उपयोगाचं नसलेलं. फोन भरला की आधी ते पुसू नका. रोज सकाळी येणारे फुलांचे फोटो पुसा, ते उद्या परत येतात. आणि पुसायच्या आधी ज्यानं बनवलं त्याला विचारा. चौदा महिने कुठं गेले होते, ते तोच सांगेल.

मग साधनानं फोन उचलून कॅमेरा सुरू केला, म्हणून रस्त्यावरचं पुढचं मला दिसलं. सिराजनं चप्पल काढून पत्र्याशी ठेवली. टोपी नीट केली. हात पसरले, पण आवाज काढेना.

"आवाज," हसिना म्हणाली.

"घूं," सिराज म्हणाला.

"मस्कतला जाताना एवढाच आला व्हता का?"

त्यानं छाती भरून घेतली आणि घूंऽऽ करत निघाला. पन्नाशी पार केलेला माणूस, हात पसरून, घाटाच्या रस्त्याच्या कडेनं. कणीसवाली टोपलं सावरून बाजूला झाली. पुण्याच्या मंडळींनी फोन वर धरले. तेवढ्यात वरून एसटी आली. ड्रायव्हरनं एक नजर टाकली, गाडी कडेला घेतली आणि त्याला वाट दिली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

वळणावर सिराजनं डावा हात खाली केला, उजवा वर, आणि झोकात वळला. धाब्यापाशी पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. साधना म्हणाली, "झालं सिराजभाई, पोचलासा, उतरा आता."

पैज एका फेरीची होती. पण सिराज उतरला नाही. घूंऽऽ करत तो धाब्यावरून पुढं गेला आणि दुसरी फेरी त्यानं आपली आपणच मारली.