एका रिंगेचा वेळ

स्टॉपवॉचच्या बटणावरचं रबर थोडं सैल झालं होतं. दाबलं की आधी ते नुसतंच खाली जायचं आणि मग आत कुठेतरी खट् व्हायचं — मधला तो एवढासा पोकळ क्षण कुणाच्या नावावर टाकायचा, हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या, की बाबांच्या? समोर हातभर अंतरावर बाबा रिंग उचलत होते. खट्. रिंग डाव्या हातात, उजव्या हाताचं मधलं बोट आतल्या काठावरून एकदा, बाहेरच्या काठावरून एकदा, मग दिव्याखाली तिरकी, मग उलटी, परत तिरकी, परत दोन्ही काठ... आणि हिरव्या ट्रेमध्ये. खट्. सोळा पूर्णांक चार.

तिनं आकडा लिहिला. वर पंधरा पूर्णांक नऊ होते, त्याच्या वर सतरा, त्याच्या वर सोळा पूर्णांक एक. सकाळपासूनचे एकतीस आकडे, आणि त्यांत पंधराच्या खाली आलेले फक्त दोन. रांगेत उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांसारखे सगळे एका उंचीचे. आकडे इतके शहाण्यासारखे वागायला लागले की समजावं, कुणीतरी दम दिलेला आहे.

बाबा अकरा सेकंदांत रिंग तपासायचे.

हे तिला ठाऊक होतं, म्हणजे ऐकीव नव्हे. पाच वर्षांपूर्वी ती इथे लागली तेव्हा — चार दिवस कारखाना, पाचवा दिवस कॉलेज, हातात पगार आणि शेवटी पदवी; आईनं शेजारीपाजारी सांगितलं होतं, आमची शिकतेही आणि कमावतेही — तेव्हा पहिल्या वर्षी प्रत्येक विभागात पंधरा-पंधरा दिवस बसवायचे, तशी ती या टेबलाशी बसली होती. बापाच्या शेजारी स्टूल टाकून. रिंग कापली जाताना काठावर धातूचा केसाएवढा ओठ उरतो, त्याला इथे बर म्हणतात. तो राहिला तर पुढे कुठल्या तरी यंत्राच्या पोटात जाऊन घोटाळा करतो. डोळ्याला दिसत नाही तो बोटाला लागतो, बोटाला लागत नाही तो दिव्याखाली चमकतो. बाबा अठ्ठावीस वर्षं हेच करत होते. तेव्हा तिनं गंमत म्हणून मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली होती. अकरा. परत लावली. अकरा. प्रशिक्षणाच्या डायरीत तिनं ते लिहूनही ठेवलं होतं, 'अंतिम तपासणी, एका रिंगेस सुमारे ११ सेकंद', आणि खाली साहेबांची सही.

लहानपणी बाबा नापास रिंगा घरी आणायचे. डोळे मीट, बोट फिरव, सांग कुठे आहे. तिला कधी सापडायचं नाही. मग ते तिचं बोट धरून सावकाश फिरवायचे आणि एका जागी थांबायचे — इथे. लागलं? ती हो म्हणायची. लागलेलं नसायचं... पण त्यांचं बोट थांबलंय म्हणजे तिथे असणारच.

"झाल्या का तुझ्या चाळीस?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"नऊ राहिल्या."

"घे मग. चहाच्या आत उरकू."

उरकू म्हणाले, आणि हात मात्र त्याच चालीनं चालला.

प्रकल्पाचा विषय तिनं निवडला नव्हता. शेवटच्या वर्षाला कारखान्यातलीच एखादी अडचण घेऊन ती सोडवायची असा नियम; विषय कंपनी देणार, मार्क कॉलेज देणार, आणि मार्कांसाठी लागणारं पत्र परत कंपनीच देणार. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घरही त्यांचं, वासेही त्यांचेच. साहेबांनी कागद पुढे सरकवला होता: 'अंतिम तपासणीत हाताऐवजी कॅमेरा: वेळेचा तुलनात्मक अभ्यास.' कॅमेरा चार सेकंद घेतो. माणूस पंधरा सेकंदांपेक्षा जास्त घेत असेल तर मशीन परवडतं, कमी घेत असेल तर नाही, असं साहेबांचं गणित. मशीन आलं की हे टेबल जाणार, टेबलावरच्या दोघांना 'अन्यत्र सामावून' घेणार. आणि अन्यत्र म्हणजे नेमकं कुठे, हे त्या कागदात कुठल्याच पानावर नव्हतं. ज्यांचा प्रकल्प कंपनी प्रत्यक्ष वापरते त्यांनाच पुढे कायम करतात. मागच्या वर्षी सहाजणांतले दोघे राहिले.

हे सगळं घरी जेवणाच्या टेबलावर महिनाभर पडून होतं. ती कागद पसरून ठेवायची, सकाळी ते नीट एकावर एक रचलेले असायचे. आईला कागदांना हात लावायची सवय नव्हती.

चाळिसावी रिंग नापासांच्या लाल ट्रेमध्ये पडली, सहाव्या सेकंदालाच. बाबा उठून चहाला गेले. ती आकड्यांची बेरीज करायला बसली आणि न करताच उठली, लाल ट्रेमधली ती रिंग घेतली, बोट फिरवलं. काही नाही. परत फिरवलं, दिव्याखाली धरली, नखानं चाचपलं... आणि मग, श्वास रोखून अगदी हळू नेलं तेव्हा, आतल्या काठावर एका जागी काहीतरी लागलं, लागलं म्हणेपर्यंत नाहीसं झालं. म्हणजे बाबांची बोटं शाबूत आहेत. मग दिव्याखाली दोनदा का धरतात? पूर्वी एकदाच धरायचे. एकदाच? आठवायला गेलं की आठवण आपल्याला हवी तशी वाकते, तिरकी करावी तिकडे चमकते. मी तेव्हा घड्याळ बघत होते, हात नव्हते बघत.

शेजारच्या स्टुलावर पैलवान बसला होता. हा दुसरा तपासनीस. अंगावर मूठभर मांस नाही म्हणून नाव पैलवान. बाबांच्या बरोबरीला वीस वर्षं.

"काका," ती म्हणाली, "बाबा हल्ली सावकाश करतात का?"

पैलवान हातातली रिंग निरखत राहिला. "मी माझ्या रिंगा बघू की त्याच्या?"

"तसं नाही... महिनाभरात, दोन महिन्यांत काही फरक वाटला का?"

"तू लहान होतीस तेव्हा या इथे, या खोक्यावर बसून डबा खाल्लायस माझ्याबरोबर." त्यानं रिंग हिरव्यात टाकली. "विचार, दुसरं काय हवं ते विचार. हे नको. मी हो म्हटलं तरी तू लिहिणार, नाही म्हटलं तरी लिहिणार. आणि वहीत एकाचं नाव आलं की दुसऱ्याचं मागोमाग येतं."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, तिला वाटलं. रागाला उत्तर देता येतं. त्यानं पुढची रिंग उचलली आणि जरा तिच्याकडे पाठ करून बसला, आणि त्याच्या त्या हाडकुळ्या पाठीकडे बघताना तिला पहिल्यांदाच उमगलं की सकाळपासून ती फक्त बाबांचा विचार करते आहे. पैलवानाला मुलगी नव्हती. त्याचे सेकंद कुणासाठी कमी-जास्त व्हायचे नव्हते, ते नुसतेच जाणार होते.

दुपारी साहेबांनी तक्ता बघितला. साहेब म्हणजे फार मोठे नव्हेत, तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे, याच योजनेतून शिकलेले; त्यांच्या टेबलावर त्यांचा स्वतःचा जुना प्रकल्प-अहवाल अजून उभा होता.

"सरासरी सोळा पूर्णांक दोन. छान. उद्या कॉलेजला देऊन टाक."

"सर, माझ्या पहिल्या वर्षाच्या डायरीत अकरा आहे."

"डायरीत?"

"तुमची सही आहे त्यावर."

साहेब हसले. "माझी सही कशाकशावर आहे ते बघायला गेलं तर मलाच घाम फुटेल. अगं, तेव्हा तुला घड्याळ धरता येत नव्हतं. दोन रिंगा मोजल्या असशील. आज चाळीस मोजल्यास, पद्धतशीर. कुठला आकडा खरा धरायचा?"

पद्धत बरोबर होती, त्यांचं चूक नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं, की दिवसभरात कुणाचंच काही चूक नव्हतं. चाळीस रिंगा, सकाळची वेळ, तोच दिवा, तोच माणूस. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर तिनंही हेच लिहिलं असतं.

"वडील आहेत म्हणून वाटतंय तुला," साहेब जरा खाली आवाजात म्हणाले. "साहजिक आहे. माझ्या प्रकल्पानं चारजण गेले होते. अजून भेटतात रस्त्यात. नमस्कार करतात."

"करतात?"

"करतात ना," साहेब म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले. "तेच तर."

सुटी झाल्यावर दोघं चालत निघाली, कारखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं. पाच वर्षं ती दोघं या वाटेनं घरी येत होती आणि पाच वर्षांत कधी त्यांना बोलायला विषय शोधावा लागला नव्हता. आज ती त्यांच्या पावलांकडे बघत होती. फरशीचा उखडलेला तुकडा आला, त्यांनी तो न बघता ओलांडला — दिसला म्हणून, की रोजचा म्हणून? समोरून एकजण हात करत आला, बाबांनीही हात केला — ओळखून, की त्यानं केला म्हणून? दिवसभर हेच चाललं होतं. कॅन्टीनच्या फळ्यावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं की पुढच्या माणसाला विचारलं. पेला उचलताना हात सरळ गेला की चाचपडला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी ती एकेक खूण पकडत होती आणि पकडली की ती दोन्हीकडे तोंड असलेली निघत होती.

"बाबा."

"हं."

"आज तुम्ही सावकाश केलंत."

"केलं?" ते चालत राहिले. "असेल."

"मुद्दाम?"

एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली.

"मुद्दाम म्हण," ते म्हणाले.

"म्हण म्हणजे काय?"

"म्हणजे मुद्दाम म्हटलंस तर मुद्दाम. डोळे गेले म्हटलंस तर डोळे गेले. तुझ्या अहवालाला जे चालत असेल ते लिही."

"मला चालायचा प्रश्न नाहीये! खरं काय ते सांगा ना."

"खरं..." त्यांनी डोकं खाजवलं, खरोखरच विचार करत असल्यासारखे. "सत्तावन्न वर्षांच्या माणसाला तू विचारतेस की तू सावकाश झालास का. तो काय सांगेल, पोरी? अकरानं करायला गेलो आणि चौदा लागले तर? मलाच कळेल ना मग." आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "तुझ्या आईसमोर हे काढू नकोस. तू कायम होणार म्हणून तिनं पेढ्यांची ऑर्डर द्यायची तेवढी ठेवलीय."

ती रस्त्यात थांबली. ते चार पावलं पुढे गेले, मग तेही थांबले, पण वळले नाहीत. त्यांच्या खांद्यांवर निळ्या सदऱ्याचा रंग उडाला होता, तिच्या सदऱ्याचा अजून गडद होता. ओरडावं, हात धरून मागे ओढावं, उद्या परत मोजते म्हणावं — पण उद्या कॉलेज, अहवाल द्यायचा उद्याच शेवटचा दिवस, आणि परत मोजलं तरी समोर हात यांचाच असणार. घड्याळ माझं, पण वेळ त्यांचा. ते देतील तेवढाच मोजता येणार. मी पाच वर्षं मोजायचं शिकले, आणि समोरच्यानं जे ठरवून दिलं ते मोजून घेण्यापलीकडे मला काही येत नाही.

"चल गं," ते म्हणाले. "भूक लागलीय."

घरी दिवे लागले होते. आईनं दोघांचे डबे घेतले, हातावर पाणी दिलं, आणि मग फडताळातून औषधाची बाटली काढून बाबांपुढे धरली. "यावरची तारीख बघा हो जरा, उलटून गेलीय की काय. अक्षर काय मेलं मुंगीएवढं."

बाबांनी बाटली घेतली. दिव्याकडे केली. तिरकी केली.

ती पाय धुता धुता मोरीच्या दारात उभी राहिली. नळ चालूच होता. बाबांचा अंगठा बाटलीच्या कडेवरून सरकत होता, आणि तिच्या आत, कुणी नवस बोलावा तसं, कुणीतरी भराभरा म्हणत होतं — दिसू नये, यांना दिसू नये, एवढं एकदा यांना दिसू नये... कोण म्हणतंय ते कळायला तिला एक क्षण लागला.

"हिला दे," बाबा हसून बाटली आईला परत देत म्हणाले. "इंजिनियर घरात असताना मला कशाला त्रास?"

हा विनोद नवा नव्हता. ती चौथीत असल्यापासून ते तिला इंजिनियर म्हणत आणि घरातलं वाचायचं सगळं तिच्याकडे सरकवत. तेव्हा त्यांना दिसत होतं. आता? आई हसत आली, तिच्या ओल्या हातात बाटली दिली. तारीख स्वच्छ दिसत होती. उलटायला अजून चार महिने होते. तिनं ती मोठ्यानं वाचली, आणि आवाज अगदी रोजचा आला.

दिवसभर आपण खरं काय ते शोधतोय असं ती समजत होती. तसं नव्हतं. बाबा थकलेले तिला हवे होते, डोळे मंद झालेले, हात जड झालेले. म्हणजे सोळा हा आकडा खरा ठरला असता आणि तो त्यांनी आपल्याला दिलेला नसता. हे तिच्या मनात सकाळी पहिल्या रिंगेपासून होतं की आत्ता आलं, तेही नक्की सांगता येईना. बाबा टेबलाशी बसले, ताट पुढे ओढलं, तिच्यासाठी शेजारी जागा केली. ती जाऊन बसली. त्यांचं हे देणं नको म्हणायची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि हो म्हण असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.