अठरावा फर्मा

माझ्या हातून फर्मा चुकत नाही. फुशारकी नाही ही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. एकतीस वर्षं मी बाइंडिंग करतेय. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे ओळीनं रचायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. डोळे बांधून बसवलं तरी करेन. पुस्तकात काय लिहिलंय ते मात्र कधी बघत नाही. वाचत बसले तर शिवायचं कुणी?

त्या दिवशी एक म्हातारा पुस्तक घेऊन दारात उभा राहिला तेव्हा आधी मी वैतागलेच. ऐन जेवायची वेळ, हात खळीनं बरबटलेले.

"काका, रद्दीवाला पलीकडे बसतो."

"रद्दी नाही हो, बाई. पाठ निखळलीय. तेवढी जोडून हवी."

पुस्तक आमच्याकडचंच निघालं. चार वर्षांपूर्वी बांधलेलं, कुठल्याशा प्राचीन ग्रीक महाकाव्याचं भाषांतर. तेव्हा माझा दीर म्हणाला होता, "वहिनी, तीन हजार वर्षांपूर्वीची परक्यांची भांडणं. विकत कोण घेणार, वाळवी?" आणि इथे पानांचे कोपरे बोटं लागून लागून काळे पडले होते.

"एवढं कुणी वाचलं?" मी विचारलं.

"आधी मुलानं. मग मी." तो स्टुलावर टेकला. "मालवाहू जहाजावर होता माझा मुलगा. वादळात वाहून गेला, सापडलाच नाही. कंपनीनं त्याची पेटी पाठवली. कपडे, दाढीचं सामान आणि हे. म्हटलं, पोरगं शेवटी काय वाचत होतं बघू तरी. दोन वर्षं झाली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून काढतो."

मागे पुठ्ठे कापत बसलेल्या दिरानं उठून त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. मी निखळलेली पाठ बाजूला करून फर्मे चाळायला लागले आणि मधेच थांबले. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाला, एक बारीक आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याला तो दिसत नाही, आमच्यासाठी असतो तो. सोळा, सतरा, अठरा. पुन्हा अठरा. पुढे थेट पुठ्ठा. एकोणीस नव्हताच. हे बांधलं त्या दिवशी मी कुणाशी भांडत फर्मे रचत होते कोण जाणे.

"काका, चूक माझी आहे. यात शेवटची सोळा पानं नाहीत. त्याच्या आधीची सोळा मी दोनदा शिवलीत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे राजपुत्र दोनदा मरतो, ते..."

"दोनदा?"

"तटाबाहेर गाठून मारतात त्याला. रथाला बांधून फरफटत नेतात. म्हातारा बाप तटावरून सगळं बघतो. पान उलटलं की पुन्हा तेच, शब्द न शब्द. पुन्हा मारतात, पुन्हा फरफटवतात, आणि पुस्तक संपतं." त्यानं पाणी न पिताच पेला खाली ठेवला. "मला वाटलं, कवीनंच तसं लिहिलंय. म्हटलं, लिहिणाऱ्याला बापाचं दुःख कळलं होतं बरं का. माझा मुलगाही रोज बुडतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग पुढे आहे काही?" म्हाताऱ्यानं विचारलं. "बापाला पोरगं मिळतं का? निदान मूठमाती द्यायला?"

"मला नाही माहीत, काका. मी वाचलेलं नाही." स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

"उरलेले ताव कुठे टाकलेस?" मी दिरावर खेकसले. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, पण कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं. दोघांनी मिळून माळा पालथा घातला. जुन्या पुठ्ठ्यांखाली अंथरलेला एक ताव सापडला, खळीचे डाग पडलेला, पण एकोणिसावाच. उघड्या तावावर पानं कशीही छापलेली असतात, निम्मी तर उलटी. मी तीन घड्या घातल्या, कडा कापल्या आणि पानं ओळीनं लागली.

म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढला. "तुम्हीच वाचा, बाई. मला नाही जमायचं."

मग माझ्याच हातचं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं, तेही मोठ्यानं. बाप गाडी जुंपून शत्रूच्या छावणीत जातो. ज्यानं मुलाला मारलं त्याच्याच पायांशी बसतो, त्याचेच हात ओठांना लावतो. तो दगड माणूस, त्याला स्वतःचा बाप आठवतो आणि तो रडायला लागतो. दोघंही एकाच तंबूत रडतात. कुठला कोण राजा, आणि बसला होता माझ्यासमोर, स्टुलावर. पुढे मुलाला धुतात, स्वच्छ कापडात गुंडाळतात, गाडीत ठेवतात. बाप त्याला घरी आणतो.

"मिळाला?"

"मिळाला, काका."

"बरं झालं. एकाला तरी मिळाला." त्यानं चष्मा मिटून खिशात घातला. मग म्हणाला, "नशीबवान होता. त्याच्यासमोर माणूस तरी होता. मी कुणाच्या हातापाया पडू? पाण्याच्या?"

मी सरळ रडले, दिरासमोर, खळीच्याच हातांनी डोळे पुसत.

शेवटी मी सुई घेतली. "नव्यानं शिवून देते. एक अठरावा काढून टाकते."

"दोन्ही काढा."

"दोन्ही कसे काढू, काका? तो मेलाच नाही, तर बाप जाईल कुणाला आणायला?" बोलून गेले आणि जीभ चावली.

त्यानं दोन्ही फर्मे मांडीवर घेतले. दोन्हींचे कोपरे सारखेच काळे झाले होते. दोन्हींवरून तो हात फिरवत बसला. मग त्यानं एक फर्मा घडी घालून खिशात ठेवला आणि दुसरा माझ्या हातात दिला.

"हा शिवा," तो म्हणाला. "एकदाच मेला तो."