तळ्याकाठी कौसल्याची गाडी

लायसन हातात पडून आठवडा होतो न होतो तोच, रविवारी सकाळी कौसल्याने जाहीर करून टाकलं, "आज तळ्यावर जायचं. गाडी मी चालवणार."

भागवतरावांनी चहाची बशी खाली ठेवली. सगळी उमर त्यांनी भोकरदन-जालना एसटी चालवली होती. बायकोच्या शेजारी नुसतं बसून राहायचं, ही ड्युटी त्यांना कधी कुणी लावली नव्हती. तरी बसले बिचारे. पट्टा लावला आणि दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

तळ्याचा रस्ता म्हणजे नवशिक्यांची चैनच. पूर्वी तिथं कोरडा गाळ आणि बेशरमाच्या झुडपांचं रान होतं. मग आसपासच्या गावांनी गाळ उपसला, झुडपं मुळासकट काढली, काठाच्या दलदलीत पुन्हा पाणी शिरलं आणि पाखरं परतली. आता भोवतीनं मुरमाचा एकमार्गी रस्ता. समोरून कुणी येत नाही, मागून कुणी पिटाळत नाही. फाटकावर पाटी होती: सावकाश चला, हॉर्न वाजवू नका.

"क्लच! क्लच दाब!" भागवतराव फाटकातच ओरडले.

"दाबलाय की. तुम्ही कशाला पाय आपटून राह्यले?"

त्यांनी खाली पाहिलं. नसलेल्या ब्रेकवर त्यांचा पाय गच्च रोवलेला होता.

पहिल्याच वळणावर एक जांभळी पाणकोंबडी लांब लांब तंगड्या टाकत रस्त्यात आली, मागं काळी पिल्लं. कौसल्याने करकचून ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून थांबली. बघते तर नवऱ्याने काच उतरवून अर्धं अंग बाहेर काढलेलं.

"अगं, पिल्लाला पाय केवढाले! बघ तरी!"

"मी समोर बघू का तिकडं?"

"तू समोरच बघ. मी जिंदगीभर समोरच बघून राह्यलो. बाजूला काय असतंय ते पॅसेंजरलाच ठाऊक!"

कौसल्याला हसू फुटलं. पुढं बाभळीवर चित्रबलाक, पाण्यात केशरी चक्रवाक. भागवतराव प्रत्येक पाखराला "ते बघ, ते बघ" करत होते आणि तिला बघू मात्र देत नव्हते.

मग रस्त्याच्या ऐन मधोमध एक दांडगा रोही, नीलगाईचा नर, उभा. तिचा हात हॉर्नकडे गेला, तो त्यांनी पटकन धरला. ज्यांनी हॉर्न वाजवून अख्ख्या तालुक्याच्या म्हशी हाकलल्या, ते हात जोडून कुजबुजले, "साहेब, आम्हाला जल्दी न्हाई. आरामात."

तिने तोंडात पदर कोंबला, तरी हसणं आवरेना. त्यांचंही पोट हलायला लागलं. रोही फुरफुरला आणि धाडकन पाण्यात घुसला. त्यासरशी चक्रवाकांचा सगळा थवा कलकलाट करत उठला. सावल्या बॉनेटवरून पळाल्या. भागवतरावांनी टाळ्या पिटल्या.

बाहेर पडायचं फाटक आलं. "घरी?" तिने विचारलं.

"बिलकुल न्हाई. अजून एकदा!"

दुसऱ्या फेरीत थांब्यावर तिने गाडी उभी केली. "आता तुम्ही चालवा. मला बघायचंय."

"मी न्हाई सोडत ही खिडकी."

"मंग सरका!"

ते सरकले, ती गिअर कसाबसा ओलांडून आली, आणि एकाच खिडकीतून दोन पिकली डोकी पाण्याकडे बघत बसली.